पतंगगाडीचा तिसरा दोर

ही हकीकत सांगायची मी इतकी वर्षं टाळली. घरात भाऊजींच्या पायाचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर यंदा संत्र्याला बहार कसा आहे ते विचारायचो. आता वय झालं, तरी एका जागी धड बसवत नाही. ताई अजूनही म्हणते, तिचा नवरा हट्टी होता म्हणून पडला. ते खरं नाही. तेवढं लिहून ठेवतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सौंसरला त्यांची संत्र्याची बाग होती आणि मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवत होतो. ऐंशीनंतरची ती वर्षं. आम्हा दोघांना पतंगाचं वेड. संक्रांतीला मी सौंसरला जायचो ते गच्चीवरच राहायला. आमच्याकडे एक न लिहिलेला नियम होता : पतंग कटला तर कटला, पण घाबरून हातातला दोर सोडायचा नाही. सोडणाऱ्याची होळीपर्यंत चेष्टा व्हायची. मांज्यानं बोटं चिरली तरी आम्ही मुठी आवळून उभे.

एकदा नागपूरला केस कापून घेताना भाऊजींनी तिथल्या मासिकात एक फोटो पाहिला. समुद्राच्या वाळूवर तीन चाकांची गाडी, तीत बसलेला माणूस, आणि गाडी ओढणारा भला मोठा पतंग.

"आपल्याइथं समुद्र कुठून आणता?" मी विचारलं.

"समुद्र कायले पाहिजे? बोरगावकडचा तलाव उन्हाळ्यात कोरडाच असते ना."

त्यांनी भंगारातल्या स्कूटरची चाकं आणली, पाइप वळवून सांगाडा जोडून घेतला. पुढचं चाक पायांनी वळवायचं, दोन्ही हातांत लाकडी दांडा धरायचा, दांड्याच्या दोन टोकांना दोन नायलॉनचे दोर आणि वर खताच्या पोत्यांचं कापड शिवून केलेला पतंग. तो ताईनं तिच्या मशीनवर शिवला. शिवताना म्हणत होती, "लोकायचे नवरे बाग पाहतात, माझा आभाळ पाहून राहिला."

पहिले काही दिवस गाडी छान पळाली. तलावाचा गाळ वाळून फरशीसारखा झाला होता. मग वैशाखातल्या एका दुपारी वारा पिसाळला. मला खरं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं, आज नको. पण बांधावर बघे जमले होते आणि मलाच घाई झाली होती. झोत आला तशी गाडी दोन चाकांवर उचलली गेली. भाऊजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी दांडा सोडला असता तर पतंग गेला असता, एवढंच. आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "सोडू नका! भाऊजी, सोडू नका!"

त्यांनी सोडला नाही. गाडी उलटली. ते फरफटत बांधाच्या दगडांवर जाऊन आदळले आणि उजव्या पायाची नळी मोडली.

शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही त्यांना नागपूरला नेलं. मागच्या सीटवर ताई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अन् तू तिथंच होता ना रे? काय करून राहिला होता?"

मी म्हणालो, "मी तर सोडा, सोडा म्हणून ओरडलो, ताई."

भाऊजींचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडे पाहत होते. मग दात आवळून म्हणाले, "हौ. ओरडला होता तो. म्याच नाही आयकलं."

त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर ताई चिडली असती, चार दिवस बोलली नसती, आणि मिटलं असतं. पण ते वाक्य जीपमधून दवाखान्यात, तिथून सौंसरला, तिथून साऱ्या नातेवाइकांत गेलं. पुढं ताईचा नवस फेडायला आम्ही जामसांवलीला गेलो. भाऊजी कुबड्यांवर होते. निजलेल्या मारुतीपुढं हात जोडून ताई म्हणाली, "देवा, याचं तरी आयकत जा म्हणा यायले." 'याचं' म्हणजे माझं. मी मान खाली घातली. ताईला ती भक्ती वाटली असेल.

प्लास्टर निघालं. पायात थोडा बाक राहिला. गाडी गोठ्यात पडून होती. मला वाटलं, विषय संपला. आणि खरं सांगतो, बरं वाटलं. पण पुढच्या उन्हाळ्यात भाऊजींनी मला बोलावून घेतलं. गोठ्यात गाडी धुऊन पुसून उभी होती.

"डॉक्टर हौ म्हणाला. पायात जोर आला आता. पण या वेळेस कायद्यानं बसीन, सारं नीट पाहून."

त्यांनी नवा पतंग मुद्दाम लहान करून घेतला होता. डोक्याला स्कूटरचं हेल्मेट, गुडघ्यांना जुन्या गादीचे तुकडे, पायात बूट. बांधापासून लांब, तलावाच्या मधोमधच गाडी चालवायची. बांबूला चिंधी बांधलेली. चिंधी आडवी ताठ झाली की त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही. आणि एक तिसरा दोर. तो पतंगाच्या एका कडेपासून थेट त्यांच्या कमरेच्या पट्ट्यापर्यंत यायचा, सैल. दांडा हातातून सोडला की ओढ त्या एकाच दोरावर यायची, पतंग आडवा होऊन वारा सांडायचा आणि निमूट खाली पडायचा.

"पाहा साळेबुवा, सोडलं तरी जात नाही. म्हणजे सोडाची लाज नाही."

आठवडाभर ते गाडीत बसलेच नाहीत. नुसते उभे राहून पतंग चढवायचे आणि दांडा सोडायचे. पुन्हा चढवायचे, पुन्हा सोडायचे. मी बांधावर येरझारा घालायचो. "बसा ना एकदाचे," मी म्हणायचो. "हाताले शिकवून राहिलो," ते म्हणायचे. "लहानपणापासून याले उलटं शिकवलं आहे आपण."

ताईनं परवानगी दिली ती एका अटीवर. माझं मनगट धरून म्हणाली, "तू तिथं उभा राहाचं. मागच्यासारखाच ओरडजो. अन् तुम्ही आयका याचं."

भाऊजी हेल्मेटचा पट्टा आवळत होते. म्हणाले, "नाही. या वेळेस कोणी बोंबलाचं नाही. साळेबुवाच्या घशाले आराम."

ताई हसली. मला हसता आलं नाही.

संध्याकाळ होती. चिंधी नुसती हलत होती. गाडी निघाली, वळली, परत आली. बाक आलेला पाय पुढचं चाक नीट दाबत होता. मी मात्र सारखा जागा बदलत होतो. मग बांधावरून धूळ उठली आणि एक झोत आला. एक चाक उचललं गेलं. आणि माझ्या घशात तोच शब्द आला, जसाच्या तसा. सोडू न... मी तोंडावर हात दाबला. भाऊजींनी या वेळी माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ दांडा सोडला. पतंग ओल्या धोतरासारखा खाली पडला, चाक जमिनीला टेकलं आणि गाडी चार हात जाऊन थांबली.

मी धावलो. वाक्य तयार होतं. ते गाडीतच बसून हसत होते. "पाय पाहा माझा. जागच्या जागी आहे."

"भाऊजी, मागच्या वेळी मी..."

तेवढ्यात बांधावरून ताई पदर सावरत धावत आली; मी ओरडलोच असणार, असं तिनं धरलं होतं. "आयकलं ना या वेळेस त्याचं! मागंच आयकलं असतं तर!" भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिल्यासारखं. मग हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हौ ना. मी आहोच हट्टी."

त्यानंतर ते बरेच उन्हाळे गाडीवर बसले आणि एकदाही पडले नाहीत. मी पुन्हा बांधावर गेलो नाही. शाळेची कामं सांगायचो.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी पांढुर्ण्याहून बसनं गेलो. वाटभर वाक्य घोकत होतो. ताई चहा ठेवायला आत गेली आणि आम्ही दोघंच उरलो. त्यांनी विचारलं, "बाहेर वारा कसा आहे?"

"बरा आहे."

"काई म्हणाचं होतं का तुले?"

मी म्हणालो, "नाही. सहज आलो."

त्यांनी डोळे मिटले. "मंग जा. बस सुटून जाईन." मी उठलो. चहासुद्धा घेतला नाही. बस जामसांवलीचा फाटा ओलांडून गेली तरी ते माझ्या तोंडातच होतं : भाऊजी, सोडू नका म्हणणारा मीच होतो, मला माफ करा.