पाच फूट आठ

आमच्या आत्याला कुणी वय विचारलं, तर ती उंची सांगायची. "वय कुणाला ठावं? पण पाच फूट आठ बराबर हाय." माझे वडील पोलीसभरतीत उंचीत कमी पडून घरी आले, त्या रागात त्यांनी सगळ्या घराला भिंतीशी उभं करून टेपनं मोजलं. तेव्हा आत्या त्यांच्याहून चांगली चार बोटं वर भरली. वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि आत्यानं तो कधी सोडला नाही.

टेंभुर्णीत सगळे तिला मीनार आत्या म्हणत. लहानपणी मेंढरांपुढं चालायची सवय, त्यामुळं चाल ताठ. माळ्यावरचं काहीही ती स्टूल न घेता काढायची आणि हातात देताना मागणाऱ्याकडं एकदा वरून खाली बघायची. आठवडी बाजारात आम्हा भाच्यांना नेताना बजावायची, "चुकलात तर रडायचं न्हाई. वर बघायचं." वर बघितलं की गिऱ्हाइकांच्या डोक्यांवर तिचा पदर दिसायचा. मी बुटका, म्हणून मला हे दोनदा सांगायची.

पुढं ती जाड झाली. साखर लागली, गुडघे धरले, बाजार सुटला. बाजार सुटल्याचं तिला फार लागलं. "लोकं मला इसरून राह्यले," म्हणायची. कुणाच्या तरी सुनेकडून वजन उतरवायच्या इंजेक्शनचं तिच्या कानावर आलं आणि मला फोन आला, "जल्दी ये. मला दवाखान्यात ने."

जुन्या जालन्यातल्या दवाखान्यात काट्यावर ऐंशी किलो भरले. नर्सनं उंची विचारली. उत्तर काय आलं ते सांगायला नकोच. उंचीच्या मानानं वजन किती ते बघतात, त्याला बीएमआय म्हणतात, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. "साखर असली तर हा आकडा सत्तावीसच्या पुढं लागतो, मगच हे इंजेक्शन देता येतं. तुमचा जरासा आत आहे."

आत्याचं तोंड उतरलं. डॉक्टर तिच्या पाठीकडं बघत म्हणाले, "मावशी, एकदा उंची मोजू या का?"

"उंची कोण दोनदा मोजतं, डॉक्टरसाहेब?"

तिची पाठ वाकलेली आम्हा सगळ्यांना दिसत होती. माळ्यावरचं काढायला आता तीही सुनेला हाक मारायची. पण तिला हे सांगणार कोण? शेवटी आत्याच माझा खांदा धरून उठली, चपला काढल्या, अंबाडा सोडला आणि भिंतीला पाठ लावली. नर्सनं वरची पट्टी खाली आणली.

"अजून किती खाली आणती गं बाई?"

पाच फूट पाच.

वयानं मणके दबलेत, डॉक्टर म्हणाले, हाडांच्या गोळ्याही सुरू करू. या उंचीनं आकडा एकोणतीसच्या वर गेला. इंजेक्शन मिळणार होतं. ज्यासाठी आली ते पदरात पडलं, तरी आत्या अंबाडा न बांधताच बाहेर पडली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "घरी सांगू नको."

"न्हाई सांगत," मी म्हणालो.

दर आठवड्याला एक इंजेक्शन. सुरुवातीला मळमळायचं, जेवण जायचं नाही आणि त्याबद्दल शिव्या मला बसायच्या. हळूहळू वजन उतरलं, गुडघे मोकळे झाले. एका बाजाराच्या दिवशी काठी टेकत ती निघालीच. मी मागं होतो. भाजीवाला म्हणाला, "मीनार आत्या, लई बारीक झालात."

"बारीक झाले. बुटकी न्हाई," आत्या म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. त्या दिवशी तिच्यावर माझा फार जीव जडला.

गेल्या हिवाळ्यात निमोनियाचं निमित्त झालं आणि आत्या गेली. तिरडीसाठी बांबू आणायला निघालेल्या चुलतभावानं अंगणात विचारलं, "लांबी किती धरू?" सगळे माझ्याकडं बघू लागले. तिला दवाखान्यात मीच न्यायचो.

"पाच फूट आठ," मी म्हणालो.

पायांकडं जरा जागा उरली. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.