विहिरीत तरंगणारा दगड

भूतखेत, करणी असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, ज्वालामुखीचा धडा तर तोंडपाठ! तरी हे सांगते... कारण डोळ्यांनी पाहिलंय.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. आटपाडीजवळ आमचा मळा. धाकटे काका पलटणीतून महायुद्धावर गेलेले. आमच्याकडे रीत अशी, की नव्या पाण्याला तोंड लावण्याआधी एका दगडाला हळदीचा भंडारा लावून पाण्यात सोडायचा. बुडाला की देवानं घेतला. निघताना काकूनं त्यांच्या खिशात भंडाऱ्याची पुरचुंडी कोंबली होती — "कुटलंबी पानी प्या, पन आदी भंडारा वाहा."

मग तार आली. बोट बुडाली, काका बेपत्ता. वर्ष उलटलं तशी घरात कुजबुज सुरू झाली. एका सकाळी थोरल्या आत्याबाई काकूला म्हणाल्या, "किती दीस वाट बगायची गं? उतरीव आता त्या बांगड्या."

काकू घागर घेऊन पायऱ्यांच्या विहिरीवर गेली. मी परकर सावरत मागोमाग. पाण्याशी बसून ती रडत होती, अन् एकदम थांबली. "आगं बया! दगड तरंगतोय की!"

खरंच. मुठीएवढा, करडा, भोकाभोकांचा... अन् एका अंगाला ओला, पिवळाधमक भंडारा. काकूनं तो छातीशी धरला आणि घरात येऊन ठणकावलं, "धनी जित्तं हायेत. माज्या बांगडीला हात लावू नगा कुनी!" सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं.

लढाई संपली आणि काका आले! शत्रूच्या कैदेत वाळून काटकी झालेले. जेवताना सांगू लागले, "बोट बुडाली, तवा एका बेटाला लागलो. डोंगराला तोंड, तोंडात तळं. तानेनं जीव चाललेला. तरी आदी भंडारा वाह्यला, पन दगड बुडंना गं! दाबला की वर. म्हटलं, देवानं घेतला न्हाई, संपलं आता. लय रडलो. सकाळी बगतो तर दगडच न्हाई. म्हटलं, घेतला देवानं, अन् पानी प्यालो."

काकूनं उठून दगड आणला, ताटाशेजारी ठेवला. काकांचा घास हातातच राहिला.

ज्वालामुखीचा फेसाळ दगड तरंगतो, हे मी कितीतरी वर्गांना शिकवलं. पण तो आमच्या विहिरीत आला कसा? नाही बाई सांगता येत.

काकू गेली ती हिरव्या बांगड्यांतच, काकांच्या आधी. दगड आता माझ्याकडे असतो. फार आठवण आली की बादलीत सोडते... अजून बुडत नाही.