हवा तपासायला येणार म्हणून

आईचा खोकला थांबेना, म्हणून आमच्या जुन्या फ्लॅटमधली हवा तपासायला एका माणसाला बोलावलं. तो येणार म्हणून सकाळीच मी सगळ्या खिडक्या उघडल्या, ओल आलेली भिंत पुसली, गाद्या उन्हात टाकल्या. कुणी येणार म्हटलं की घर आवरायचं, ही हाताला लागलेली सवय. तो आला, त्याने आणलेल्या यंत्रावर हिरवा दिवा लागला. "हवा छान आहे," तो म्हणाला. मी चहा दिला, खिडक्यांचं बोलले नाही. सजवलेलंच दाखवायचं, तर बोलवायचं तरी कशाला? परक्यासमोर नको म्हणून आईनेही खोकला दाबून धरला होता.

तो गेल्यावर, धूळ नको म्हणून, मी रोजच्यासारख्या खिडक्या लावून घेतल्या. आई खोकत खोकतच म्हणाली, "बरं झालं बाई, घराचा काही दोष नाही. माझंच वय झालंय."