उसाची शेवटची पट्टी

सोनपेठच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला तात्यारावांचं दोन एकर काळं रान आहे. वडिलांनी दुसऱ्याकडे सालगडी म्हणून सालं घालून कमावलेलं. त्यात ते दर रब्बीला ज्वारीच पेरत. भाकरी घरच्या ज्वारीची असावी, एवढाच त्यांचा हट्ट.

नदीवर बंधारा झाला, पाणी थांबलं. शेजारच्या किशनरावांनी ऊस लावला, मग इतरांनीही लावला. पूर्वी उन्हाळ्यात ओढे आटायचे, रानडुकरांची पिल्लं पाण्यावाचून मरायची. उरलेल्यांतली काही लांडगे उचलायचे. माळ नांगरले तेव्हा लांडगे गेले. डुकरांना मात्र उसात बारमाही लपण, पाणी आणि खाणं मिळालं. गावात सगळे सांगतात, मारायला बंदी आहे म्हणून डुकरं वाढली. बंदी उसाच्या आधीपासून होती. पण बंदीला दोष दिला की कोणाच्या उसाचं नाव घ्यावं लागत नाही.

तोडणारी टोळी एका बाजूने उसात शिरली की डुकरं मागे सरकत शेवटच्या पट्टीत गोळा होतात. ती तुटली की शेजारच्या पिकात घुसतात. गेल्या माघात ज्वारी दाण्याने भरली होती, म्हणून तात्याराव किशनरावांकडे गेले.

"किशनराव, औंदा माझ्या बांधाकडून तोड लावा. डुकरं रस्त्याकडं जातील."

"गाडी रस्त्यावर उभी ऱ्हाती. टोळी तिकडूनच शिरणार. माझं मुकादम ऐकत न्हाई, बायको ऐकत न्हाई, डुकरं काय ऐकत्यात?"

ओट्यावरची माणसं हसली.

"मोळ्या रस्त्यापर्यंत आमी दोघं नवराबायको वाहून देताव."

"कशाला उगं तरास? ज्वारी रेशनला मिळायलीय की आता."

टोळी रस्त्याकडूनच शिरली. शेवटची पट्टी भरदुपारी तुटली. तात्याराव आणि त्यांची पत्नी सुलाबाई बांधावर डबे बडवत उभे होते. कळप त्या दोघांच्या मधून गेला.

पीक आडवं झालं. सुलाबाई त्यात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "कडबाबी न्हाई ऱ्हायला."

त्याच रानात तात्यारावांनी ऊस लावला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "डुकरं ऊसबी खात्यात. पर समदा न्हाई खात."

यंदा दिवाळीनंतर सोनपेठच्या बाजारात ते विकतची ज्वारी हाताने चाळून बघत होते. पलीकडच्या बांधाच्या चतुराबाई तिथेच भेटल्या. त्यांचा हरभरा नुकता उगवला होता.

"तात्याराव भाऊ, तुमच्या उसात लेकुरवाळ्या डुकरिणी लय झाल्यात. माझ्या हरभऱ्यात खेळायला येत्यात."

"काय करू बाई. माझी काय पाळलेली हायत का?"

"तुमाला बोल न्हाई लावायले." चतुराबाईंनी पदर खोचला. "ऊस तुटला की मला बेणं द्या. मीबी ऊसच लावते."

तात्यारावांनी मान हलवली. चतुराबाईंच्या रानापलीकडे, नदीपर्यंत, हरभऱ्याचं आता एकच शेत उरलं आहे.