काळं ते पक्कं

सिंदेवाहीत गंज म्हटला की मुखरूभाऊचंच नाव निघायचं. भाऊ मोठा बोलघेवडा. फॉस्फोरिक अॅसिडचा विषय निघाला की त्याच्या अंगातच यायचं. संडासाचं अॅसिड लोखंडही खातं, हे मात्र गंजाला धरून त्याचा काळा थर करतं, मग त्यावर रंग कसा चिकटून बसतो. हेच थेंबभर कोल्ड्रिंकमध्येही असतं, असं तो गिऱ्हाईकाचा चहा थंड होईस्तोवर ऐकवायचा. शेवट ठरलेला, "काळं ते पक्कं."

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकलं होतं त्याच्या बायकोनं, आशाबाईनं. दुकानात वेल्डिंग त्याचं, रंग तिचा.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा भरली, तेव्हा पाळणेवाल्या लहानूचा जुना आकाशपाळणा या दोघांनीच दुरुस्त करून रंगवला. एकेक पाळणा ज्या कडीला टांगायचा, ती अॅसिडनं काळी झाली की मुखरू हातोडीनं ठोकायचा. खण्ण वाजली तर ठीक, नाहीतर फेकायचा. निळ्या पाळण्याची कडी तेवढी ठोकायची राहिली असतानाच कोणाच्या ट्रॉलीचा आस तुटला म्हणून त्याला हाक आली.

तो परतला तेव्हा पाळणा फिरत होता. रिवाज असा, की रंगवणाऱ्यानं पहिलं बसायचं. आशाबाई निळ्या पाळण्यात बसून पार वर पोचली होती, पदर सावरत हसत होती.

मुखरूनं लहानूला विचारलं, ती कडी कोणी ठोकली? लहानूला प्रश्नच कळला नाही. मुखरूचा जीव टांगणीला लागला. त्यानं फिरवणाऱ्यांना थांबवलं, हळूहळू हातानं खाली घ्यायला सांगितलं आणि वर पाहून म्हणाला, "आशा, हालू नोको."

जन्मभर त्याचं एकही न ऐकलेली बाई दगडासारखी बसून राहिली. कडी करकरत होती.

खाली येताच त्यानं तिला उचलूनच बाजूला केलं आणि कडी ठोकली. थप्प. दुसऱ्या घावाला काळा थर फुटला, आतून तांबडा भुगा सांडला. बोटाएवढ्या सळईत काडीएवढंच लोखंड उरलं होतं.

"काळी झाली होती जी," आशाबाई म्हणाली. "मंग मी रंग मारला."

रागावायला मुखरूकडे स्वतःशिवाय कोणी नव्हतं. "तुयं नाई चुकलं," तो म्हणाला. "ठोकून पाहाव लागते, हे मी तुले कधी सांगतलंच नाई."

बाकीच्या कड्या आशाबाईनंच पुन्हा एकदा ठोकल्या. मुखरू प्रत्येक कडीला कान लावून ऐकत होता.