साहेब 'मी आले' म्हणाले

मुलुंडला आमच्या इमारतीसमोरच्या बैठ्या घरात नॉर्वेचं एक मिशनरी कुटुंब राहायला आलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. साहेब, मडम आणि त्यांची चार वर्षांची मुलगी. साहेब इतके उंच होते की पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कपाळावर दाराच्या चौकटीची लाल आडवी रेघ उमटली. आमच्या शेजारच्या मालवणी आजींना ते गंध वाटलं, आणि तेव्हापासून त्यांचं साहेबांबद्दल फार चांगलं मत झालं.

माझे बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. समोर युरोपियन माणूस राहायला आला म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस खपून स्वागताचं एक लांबलचक इंग्रजी वाक्य तयार केलं, आणि रविवारी सकाळी कोट चढवून ते साहेबांना म्हणून दाखवलं. साहेबांनी मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यस. फिश."

मग उलगडा झाला, की साहेबांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालायची आणि त्यांना जेमतेम इंग्रजी आलं होतं, तेही इकडे येताना बोटीवर ऐकून. बाबांना आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. आपलं इंग्रजी एका गोऱ्या माणसापेक्षा चांगलं आहे हे त्यांनी महिनाभर कचेरीत सांगितलं असणार. त्याच भरात त्यांनी साहेबांना मराठी शिकवायचं कबूल केलं. गल्लीत सगळे त्यांना 'साहेबांचे गुरुजी' म्हणू लागले.

पण बाबा कचेरीतून यायचे ते दमून. साहेब वही घेऊन समोर बसले की पाचव्या मिनिटाला गुरुजींचा डोळा लागायचा. साहेब बिचारे थोडा वेळ थांबत, वही मिटत आणि वाकून घरी जात. पुढे पुढे त्यांनी येणंच सोडलं.

शिकवण्याचं काम खरं केलं ते आईने. दुपारी जेवणं-भांडी आटोपली की मडम आमच्याकडे यायच्या. आई तांदूळ निवडायची, मडम शेजारी बसून तिचं बोलणं वहीत उतरवायच्या. "मी आले. मी बसते. मी चहा करते." घरी गेल्यावर मडम ते साहेबांना म्हणून दाखवायच्या आणि साहेब ते जसंच्या तसं पाठ करायचे.

चार-पाच महिन्यांत साहेब मराठी बोलू लागले. आवाज भारदस्त, अगदी विहिरीतून आल्यासारखा. "नमस्कार. मी बाजारात गेले होते. मी फार दमले." बाजारातले दुकानदार बहुतेक कच्छी, त्यांचं स्वतःचंच मराठी जेमतेम, त्यामुळे त्यांना काही खटकलं नाही. गल्लीतल्या लोकांना खटकलं, पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून प्रत्येकाने ते दुसऱ्यावर सोडलं. बाबा तर सकाळी आठला घर सोडायचे, त्यांच्या कानावर काहीच नव्हतं.

आणि मग साहेबांनी अंगणात पहिली सभा भरवली. सतरंज्या घातल्या, चादर बांधून सावली केली, बाबांना पुढे खुर्ची दिली. सगळी गल्ली आली. धर्माचं ऐकायला किती आले आणि घर आतून बघायला किती, ते सांगता येणार नाही. मी आईजवळ सतरंजीवर बसले होते.

साहेब उभे राहिले. "बंधू आणि भगिनींनो, मी फार लांबून आले आहे. मी लहान होते तेव्हा फार वाईट वागायची."

बाबांनी खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसल्यासारखं केलं.

"एकदा मी एकटी होडीतून समुद्रात गेले. मोठं वादळ झालं. मी घाबरले. मी म्हणाले, अगं बाई, आता मी काय करू मेली?"

बायकांनी तोंडाला पदर लावले. पुरुष चादरीकडे बघू लागले. मालवणी आजींनी आईच्या कानाशी तोंड नेलं, पण त्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांचं हळू बोलणं सगळ्यांना ऐकू यायचं. "गे, हो बापयो की बायल?" पुरुष की बाई, हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

साहेब थांबले नाहीत. वादळात आपण देवाची करुणा कशी भाकली, किनाऱ्याला कशी लागले, घरी येऊन कशी ओक्साबोक्शी रडले, हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. आणि खरं सांगते, शेवटी शेवटी बायकांचं हसू थांबलं होतं. आजींनी तर डोळे पुसले. सभा संपल्यावर वरच्या मजल्यावरचे एक पेन्शनर साहेबांना म्हणाले, "छान बोललात." साहेबांनी मान खाली घातली आणि त्याच भारदस्त आवाजात म्हणाले, "इश्श."

घरी आल्यावर बाबांनी कोट काढला नाही. "हे तू शिकवलंस?"

"मी मडमना शिकवलं," आई म्हणाली. "त्या बाईच आहेत ना?"

"आणि तू त्याला बोलताना ऐकलं नाहीस?"

"ऐकलं की. मला वाटलं, त्यांच्यात तसंच असेल."

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी शिकवणी स्वतःकडे घेतली. आता झोप लागू नये म्हणून ते उभ्याने शिकवायचे. पण उभ्याने बाबांना एकच मराठी यायचं, ते कचेरीतलं. दिवसभर अर्ज आणि शेरे लिहून त्यांचं घरातलं बोलणंही तसंच झालं होतं. भाजीत मीठ कमी असलं तर ते "योग्य त्या कार्यवाहीसाठी" आईकडे वाटी सरकवायचे. साहेब पुन्हा वही भरू लागले. 'आले'चं 'आलो' झालं, हे मात्र कबूल करायला हवं.

दुसऱ्या सभेत साहेब म्हणाले, "सज्जनहो, सदरहू इसम, म्हणजे मी, पापी होतो. वर नमूद केलेल्या पापांची माफी मिळणेबाबत मी देवाकडे विनंती केली. ती मंजूर झाली."

पुरुषांच्या माना डोलल्या. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. पेन्शनरांनी हात वर केला.

"किती दिवसांत मंजूर झाली?"

"त्याच दिवशी," साहेब म्हणाले.

"हे काही पटत नाही," पेन्शनर म्हणाले. त्यावर पुरुषांत जी चर्चा सुरू झाली, ती दिवेलागणीपर्यंत चालली. कोणाची बढती किती वर्षं अडली, कोणाच्या भावाची बदली कशी रखडली, सगळं निघालं. देवाचं नाव काही पुन्हा निघालं नाही. बायका केव्हाच उठून गेल्या होत्या.

तिसऱ्या सभेला एकही बाई आली नाही. मडम दुसऱ्या दिवशी आईकडे आल्या, तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. "का नाही आल्या?" त्यांनी विचारलं.

आईने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "अहो, साहेब पहिल्यांदा बोलले ते आमच्यातलं होतं. आता ते कचेरीतलं झालं. तुम्हीच का नाही बोलत? तुमच्या तोंडी ते शोभेल तरी."

"मी? मी कशी बोलू?"

"आत्ता बोलताय तशीच."

त्या आठवड्यापासून गुरुवारी दुपारी आमच्या मागच्या पडवीत बायका जमू लागल्या. कोणी शेंगा सोलायला आणायची, कोणी फाटका परकर. मडम मधे बसून गोष्टी सांगायच्या, आणि शब्द अडला की सगळ्याजणी मिळून तो शोधायच्या. साहेबांना हे समजलं तेव्हा ते रागावतील असं मला वाटलं होतं. उलट ते इतके खूश झाले, की त्यांनी सभेची चादर काढून धुवायला टाकली. सभेत बोलण्यापेक्षा आपल्याला सुतारकाम बरं वाटतं, हे त्यांनी बाबांजवळ कबूल केलं. गुरुवारी ते मुलीला खांद्यावर घेऊन घरोघर जायचे आणि मोडक्या खुर्च्या, हललेले पाट, न लागणाऱ्या खिडक्या नीट करून द्यायचे. त्यांच्या हातांत फार कसब होतं.

आमच्या गल्लीतून कोणी ख्रिस्ती झालं नाही. तीन वर्षांनी त्यांना खानदेशात पाठवलं गेलं. जाताना मडम आणि आई नुसत्या एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. मला ते तेव्हा कंटाळवाणं वाटलं होतं. पुढे बरीच वर्षं मला ते आठवत राहिलं.

गुरुवार मात्र बंद पडला नाही. बायका जमतच राहिल्या, आणि मडमच्या गोष्टी आता आई सांगू लागली. त्यात आजींची आवडती गोष्ट एकच होती: घरातून निघून गेलेला धाकटा मुलगा सगळं उधळून, उपाशी होऊन परत येतो आणि बाप त्याला जवळ घेतो. मडमनी ती पहिल्यांदा सांगितली, तेव्हाच आजींनी विचारलं होतं, "आणि तेची आवस खंय होती?" मडमनी घरी जाऊन धर्मग्रंथ पुन्हा पाहिला होता. मुलाच्या आईचा त्यात उल्लेख नव्हता.

आईने सांगितलेल्या गोष्टीत ती होती. बाप रस्त्यात मुलाला मिठी मारून रडत असताना ती दारातून म्हणायची, "ते रडणं नंतर करा. पोरगा चालून आलाय, त्याला आधी ऊन पाणी द्या." मग मुलगा आंघोळ करायचा, आणि ती त्याला शिरा वाढायची. मूळ गोष्टीत त्याच्यासाठी पोसलेलं वासरू कापतात, पण ते आमच्या पडवीत कोणाला सांगायची सोय नव्हती.