लाईन तीनची आवणी

पुतळाबाई डबासुद्धा उभ्यानंच खाते. एका हातात भाकरी, दुसऱ्यात डब्याचं झाकण, आणि डोळे पट्ट्यावर. लोधिवलीची बाई, पन्नाशीला टेकलेली. हायवेला बाटल्यांची बुचं बनवणारी कंपनी आहे, तिथं तीन नंबरच्या लाईनीची ती म्होरकी. कंपनीचं खरं नाव इंग्रजी आणि हातभर लांब. गावात सगळे ‘बुचांची कंपनी’ म्हणतात.

लाईनीवर तिला धरून अठरा बायका. पट्ट्यावरून बुचं येतात, फाटकं-वाकडं बाजूला काढायचं, चांगलं खोक्यात भरायचं. चौदा जणी उभ्या असल्या तर लाईन चालते. तेरा झाल्या की थांबते.

अठरातल्या नऊ जणींची घरची भातशेती. भाताचं रोप खाचरात लावणं, त्याला आमच्याकडं आवणी म्हणतात. पुस्तकात लावणी लिहितात, पण ती बघायला जातात. आवणीला कमरेत वाकावं लागतं. तर गेल्या जुलैत त्या नऊच्या नऊ जणी एकदम गायब झाल्या. कुणाची सासू आजारी, कुणाच्या भावाचा पाय मोडलेला. अकरा दिवस लाईन बंद, आणि एक मोठं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

कारखान्याचे मोठे साहेब, नरेश साहेब, चिडले. पण शिकलेला माणूस, ते म्हणाले, लोक खूश नाहीत म्हणून जातात, आधी लोकांना खूश करा. ते काम आलं मनाली मॅडमकडं. पनवेलची पोरगी, ऑफिसात माणसांचं खातं बघणारी. तिनं वाढदिवसाला केक सुरू केले. टी-शर्ट वाटले. आणि गेटजवळ भिंतीला एक डबी लावली. तिच्यावर तीन बटणं: हिरवा हसरा चेहरा, पिवळा गप्प बसलेला, लाल रडका. घरी जाताना आजचा दिवस कसा गेला ते दाबायचं.

वर्षभर बहुतेक सगळ्यांनी हिरवं दाबलं. शंभरात सत्त्याण्णव खूश, असा कागद साहेबांच्या टेबलावर गेला.

जूनमध्ये साहेबांनी पुतळाबाईला बोलावलं. “लोक खूश आहेत, हे आता दिसतंय. तरी यंदा जुलैत लाईन एक दिवस जरी थांबली, तर तीन नंबर कंत्राटदाराला देणार. तो बाहेरून माणसं आणील, शेडमध्ये ठेवील. तुम्हा अठरा जणींचं मग मला काही करता येणार नाही.”

त्या दिवसापासून पुतळाबाईच्या पायाला भिंगरी. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. मधेच दारात जाऊन आभाळ बघायचं. बसमध्ये सीट मिळाली तरी दांडा धरून उभी.

“पुतळाबाय, बस की गं. तुझ्याकं बघून माझंच पाय दुखाय लागलं,” झोहरा म्हणाली. झोहरा चौकची, नवऱ्याचं शिलाईचं दुकान. जीभ कात्रीसारखी.

“बसून काय करू? लाईन जातीय आपली.”

तिसऱ्या दिवशी ती थेट मनाली मॅडमच्या खोलीत शिरली. “मॅडम, ती डबी काढा. खोटी हाय.”

“खोटी कशी? बटणं तर तुम्हीच दाबता.”

“लाल कोन दाबंल? आमच्या मशीनीवर लाल दाबलं का लाईन थांबती. मंग सुपरवायझर धावत येतो, कोनी दाबलं, का दाबलं. बायांना वाटतं हितं पन तसंच. त्यात वाचमन उभा तिथं. आमच्या लाईनीची जना तर डोळं मिटून हिरवं दाबती.”

मनाली मॅडमचा चेहरा पिवळ्या बटणासारखा झाला. पण पोरगी खोट्या तोऱ्याची नव्हती. तिनं दार लावलं, खुर्ची पुढं केली. “मग खरं काय ते सांगा. काय हवंय?”

“आवणीला रजा. दांडी नाय, रजा. सांगून जायची आन् सांगून यायची. सासवांना आजारी पाडून आमालाच लाज वाटती.”

“नऊ जणींना एकदम?”

“तेच तर. एकदम नको.”

गावात सावड असते. आज चौघी तुझ्या खाचरात, उद्या त्याच चौघी माझ्या. एकटीला आठ दिवस लागणारी आवणी चौघी दोन दिवसांत उरकतात. पुतळाबाईनं ते कंपनीत आणलं. दर दिवशी फक्त चौघी जायच्या, चौदा लाईनीवर. नऊ शेतं, अठरा दिवस. आणि तिला एक ठाऊक होतं जे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं: सगळीकडची आवणी एका दिवशी येत नाही. लोधिवलीची खोलगट खाचरं आधी तयार होतात. जना कशेळ्याच्या वरच्या अंगाची, तिचं रोप दहा-बारा दिवस मागं. तिचं नाव शेवटी.

बायकांना सांगितलं तेव्हा भांडण झालंच.

“ज्यांची शेती त्यांना रजा. आन् आमी बुचं येचायची?” झोहरानं विचारलं. “माजी आवनी ईदेला असती. तवा कोन उभं ऱ्हानार माझ्या जागी?”

“मी ऱ्हाईन.”

“तू तर उभीच असतीस. दुसरी सांग.”

सगळ्या हसल्या. पण मुद्दा खरा होता. पुतळाबाई परत वर गेली आणि झोहराची ईद, कुणाचं चौदा एप्रिल, कुणाच्या पोराची परीक्षा, सगळं मॅडमच्या कागदावर चढवून आली. नरेश साहेबांनी कागद दोनदा वाचला. “करून बघा. पण माझी अट तीच.”

आठ दिवस सुतासारखं चाललं. मग पाऊस पाच दिवस गेला. खाचरं कोरडी, रोपं पिवळी पडायला लागलेली. पुतळाबाई कामावर येण्याआधी बांधावर, कामावरून सुटली की बांधावर. सहाव्या दिवशी पाणी आलं आणि लोधिवलीकडची सगळी खाचरं एकदम भरली. कागदावर पुतळाबाईच्या शेताची पाळी होती.

दुपारी सात हात वर झाले: आवणी राहिलेल्या चौघी, त्यांत पुतळाबाईही, आणि त्यांची सावड फेडायला तिघी.

“उद्या नाय गेलो तर रोप म्हातारं होईल.”

“माझं तर झालंच.”

सात गेल्या तर अकरा उरत होत्या. पुतळाबाईनं बोटांवर दोनदा मोजलं, सहा वेळा दारापर्यंत गेली. मग म्हणाली, “सहा जावा. माझी आवनी ऱ्हाऊ दे.”

“तरी बाराच,” झोहरा म्हणाली.

पुतळाबाई जिना चढून मनाली मॅडमकडं गेली. “दोन मानसं कमी हायेत. तुमी याल का खाली?”

दुसऱ्या दिवशी मॅडम डोक्याला जाळी बांधून पट्ट्याला उभी, शेजारी गोदामाचा मनोज. पहिल्या तासात मॅडमनं ओंजळभर फाटकी बुचं चांगल्यात सोडली. झोहरा ती मागून काढत होती. “मॅडम, बुच बगा, घड्याळ नको. च्या अकराला.” संध्याकाळी मॅडमला पाठ सरळ करता येईना. चार दिवस तिनं तसे काढले. लाईन एक मिनिट थांबली नाही.

आवणी संपली तेव्हा आणखी एक गोष्ट हिशेबाबाहेरची निघाली. त्या जुलैत गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल नेहमीच्या निम्म्यावर होता. रजा न मिळालेल्या बाईचं अर्धं चित्त बांधावर असतं, बूच फाटकं की चांगलं तिला दिसत नाही. साहेबांनी कंत्राटदाराचा कागद रद्द केला. एक आणि दोन नंबर लाईनींनाही असंच बसवून द्या, म्हणाले.

“देते. पन ‘रजा’ असं सहीशिक्क्यानं लिवून द्या. तुमची बदली झाली तर पुढचा सायेब मला वळकनार नाय.”

साहेबांनी सही केली.

पुतळाबाईची आवणी शेवटी झाली ती जून झालेल्या रोपानं. दिवाळीच्या तोंडाला तिच्या खाचरात लोंब्या अर्ध्या पोचट. नवरा काळूराम विळा घेऊन बांधावर बसला होता. “कंपनीचं पिकलं. आपलं गेलं.”

“हां, गेलं. तांदूळ इकत घेऊ.”

“सोताचं शेत आसून?”

ती लोंबी चुरून दाणे बघत पुढच्या खाचरात गेली, तिथून परत आली. “पुढल्या साली आपन पंधरा दिस मागनं पेरू. म्हंजे माझी पाळी जनाच्याबी मागं जाईल. आदल्यांचा गोंधळ झाला तरी लाईनीवर ऱ्हाऊन निस्तरता येईल, आन् आपलं रोप जून व्हायचं नाय.”

“आता तुझ्या कंपनीचं बगून आमी भात पेरायचा?”

“हां,” पुतळाबाई म्हणाली, आणि बस चुकेल म्हणून चालू लागली.